उजव्या पायाचा गियर

मोंतेसिओले, ९ नोव्हेंबर

लोरिस,

फोन उचलायचा नसेल तर नको उचलूस, पण बंद तरी ठेव. वीस-वीस वेळा घंटा वाजते आणि मी मूर्खासारखा कानाला लावून उभा. म्हणून हे पत्र. काल तिकीट घ्यायला गेलो तर टपालाच्या खिडकीवरची सिल्वाना म्हणाली, "नेरिओ, तुझ्या गॅलरीतून त्यांचं धुराडं दिसतं. हे पाकीट आधी खाली शहरात जाणार, मग पुन्हा वर येणार. ओरडून का सांगत नाहीस?" मी म्हटलं, ओरडून झालंय.

चेस्टनटची पिशवी परत पाठवलीस ते कळलं. दारातच ठेवलेली होती, गाठसुद्धा न सोडलेली. माझ्या सख्ख्या बहिणीचा नवरा, एकतीस वर्षं माझ्या पुढे नाहीतर मागे मोटारसायकल चालवलेला माणूस, आणि चेस्टनटवर राग काढतो. चेस्टनटनी तुझं काय केलं होतं?

इकडे मोसम संपला. मंगळवारी बर्फ पडलं, बुधवारी बर्फ वितळवायला मिठाचा ट्रक येऊन गेला आणि रस्ता मीठ लावलेल्या मासळीसारखा पांढरा झाला. आता एप्रिलपर्यंत ह्या गंजवणाऱ्या मिठात कोणी चाक बाहेर काढेल तर तो गाडीचा वैरी. हिरवी गुत्सी आणि निळी, दोन्ही गाड्या घोडीवर चढवल्या, बॅटऱ्या काढून आत आणल्या. मारुस्काने विचारलं, "ह्या आता स्वयंपाकघरात राहणार का?" जिथे गोठत नाही तिथे राहणार, म्हटलं.

मोटारसायकल क्लबची सभा झाली. क्लबच्या फेऱ्यांत सगळ्यात पुढे गाडी चालवायचं काम ह्यापुढे मी करायचं ठरलं. मी मागितलं नव्हतं. पंधरा वर्षं ते तुझ्याकडे होतं हे मलाही ठाऊक आहे. पण हात वर झाले, मी काय करणार? तुझं लायसन्स सहा महिने जप्त, तू काही पुढे चालू शकत नाहीस.

चौदा सप्टेंबरबद्दल मी काही लिहिणार नाही. जे सांगायचं ते ठाण्यात सांगून झालंय.

फोन उचल.

नेरिओ

मोंतेसिओले, ८ डिसेंबर

लोरिस,

महिना झाला. उत्तर नाही. ठीक आहे.

दर रविवारी गॅरेजात जातो. हिरव्या गुत्सीचं इंजिन दहा मिनिटं फिरवतो. तू म्हणायचास, थंडीत नुसतं फिरवू नये, आत पाणी धरतं, एकतर चालव नाहीतर झोपू दे. तू म्हणायचास म्हणूनच फिरवतो. तुझ्याशी वाद घालायला दुसरी जागा कुठे ठेवलीयस तू मला?

मारुस्का काल जिन्यावरून ओरडली, "इतर बायकांच्या नवऱ्यांची लफडी असतात, पण ते तिला निदान बायकोच्या टॉवेलने पुसत नाहीत!" तिचा पाहुण्यांसाठीचा टॉवेल होता. गाडी पुसायला चुकून घेतला.

तुझ्या इल्देने मारुस्काचे केस कापताना तिला सांगितलं की दुसरं ऑपरेशन झालं. डाव्या घोट्याची हाडं एकमेकांना कायमची जोडून टाकली. दुखायचं थांबेल, पण घोटा आता वाकणार नाही. पाऊल आहे, चालता येईल, पण बोटं वर उचलता येणार नाहीत. म्हणजे गियर नाही. मारुस्काला काय समजणार त्यातलं, ती आपली कोबी चिरता चिरता सांगत होती. मी म्हटलं, डॉक्टर नेहमीच वाढवून सांगतात. तीन महिन्यांत धावायला लागेल. ती चिरायची थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली.

बारमध्ये तुझा विषय निघाला. एत्तोरे म्हणाला, लोरिसला आधीपासूनच घाई फार. आंधळ्या वळणावर गवताच्या ट्रकला कोणी ओव्हरटेक करतं का, साठी उलटलेल्या माणसाने? सगळ्यांनी माना हलवल्या. मी कॉफी पीत होतो. कॉफी थंड होती, आणि ह्या गावात गरम कॉफी मिळणं कधीचंच बंद झालंय.

बर्फ गुडघाभर आहे. अजून सोळा-सतरा रविवार.

नेरिओ

मोंतेसिओले, २७ डिसेंबर

लोरिस,

नाताळला तू आला नाहीस. इल्दे एकटी आली. तुझ्या खुर्चीवर मारुस्काने मुद्दाम कोणाला बसवलं नाही, त्यामुळे आम्ही तिघं त्या खुर्चीकडे पाहत जेवलो. धन्यवाद.

इल्दे सुपात घालायला सारण भरलेल्या तोर्तेल्लिनी घेऊन आली होती. सूप वाडग्यांत वाढून झालं, आणि तिने चमचा खाली ठेवला.

"नेरिओ, एकच विचारते. त्या दिवशी तू हात केला होतास का?"

"कसला हात?"

"कसला म्हणजे? तू ट्रकच्या पुढे निघून गेला होतास. लोरिस मागे अडकला होता. तो म्हणतो, तू पुढून हात केलास, ये म्हणून. म्हणून तो निघाला. तू ठाण्यात सांगितलंस, हात केला नाही. तुमच्यापैकी एक जण खोटं बोलतोय, आणि एकाबरोबर मी चाळीस वर्षं झोपतेय आणि दुसऱ्याबरोबर एका घरात वाढले. मला कळायला नको?"

मी म्हटलं, चीज दे जरा.

तिने चीज दिलं. जेवण झालं, भांडी घासली, कोट घातला, आणि जाताना फक्त मारुस्काचा मुका घेतला.

हे तुला का सांगतोय मला माहीत नाही. तिने सांगितलंच असेल. तुमच्या घरात सगळं सांगितलं जातं. आमच्या घरात बॅटऱ्यांवरून भांडणं होतात.

सणासुदीला माणसाला असे प्रश्न विचारू नयेत, एवढंच माझं म्हणणं.

नेरिओ

मोंतेसिओले, १९ जानेवारी

लोरिस,

केला होता.

डावा हात, खांद्याच्या उंचीला, दोनदा. आपण करतो तसा. तू पाहिलास तसाच.

आणि रस्ता बघून केला नव्हता. ट्रकच्या पुढे गेलो, समोरचा सरळ तुकडा मोकळा दिसला, वळणापलीकडचं मला दिसत नव्हतं, तरी केला. वर हॉटेलात एक वाजता टेबल सांगितलेलं होतं आणि बाकीचे आधी पोचले तर खिडकीजवळची जागा जाते, एवढंच डोक्यात होतं. खिडकी. राडिचीच्या घाटावर मी शंभर वेळा त्या खिडकीत बसलोय. दरी तीच आहे.

मग ती पावाची व्हॅन वळणातून आली. माझ्या शेजारून गेली तेव्हा त्या बाईचा चेहरा दिसला, आणि मागे आवाज आला.

परत आलो तेव्हा तू रस्त्यावर पडलेला होतास, हेल्मेट तसंच, बूट उलट्या दिशेला वळलेला. व्हॅनवाली बाई कठड्यावर बसून "मी माझ्या बाजूला होते, मी माझ्या बाजूला होते" एवढंच म्हणत होती. फौजदार आले. त्यांनी विचारलं, "तुम्ही त्यांना काही इशारा केला का?" तू जिवंत आहेस की नाही तेही मला माहीत नव्हतं. मी नाही म्हटलं. तो शब्द माझ्या आधीच बाहेर पडला होता.

दुसऱ्या दिवशी बदलता आला असता. तू शुद्धीवर होतास, आणि तू खरं सांगितलं होतंस. पण तोवर माझं कागदावर चढलं होतं. मग एक आठवडा गेला. मग क्लबने मला पुढे चालायला सांगितलं. आणि बारमध्ये माना हलल्या. दर वेळी वाटायचं, आता सांगावं, आणि दर वेळी ते आदल्या दिवसापेक्षा जड झालेलं असायचं.

तुझ्यावर मी चार महिने चिडलोय. तू रागावलास म्हणून नाही. तू कोणालाच काही सांगत फिरला नाहीस म्हणून. आरडाओरडा केला असतास, बारमध्ये येऊन माझी कॉलर धरली असतीस, तर मला भांडता आलं असतं. तू नुसता दार लावून बसलास.

नेरिओ

मोंतेसिओले, ६ फेब्रुवारी

लोरिस,

ठाण्यात गेलो होतो. वाटलं होतं, माणूस स्वतःहून खरं सांगायला आला तर निदान खुर्ची देतील.

फौजदार लोपाल्को दक्षिणेकडचे. बाराही महिने थंडी वाजते त्यांना. टेबलाखाली हीटर, गळ्यात मफलर.

"कसली केस?"

"सप्टेंबरची. राडिचीचा घाट."

"ती बंद झाली."

"मला जबाब बदलायचाय."

"काय बदलायचंय?"

"मी नाही म्हटलं होतं. ते हो करायचंय."

त्यांनी मफलर सोडला. "नेरिओ, पाच महिन्यांनी?"

"हिवाळा होता," मी म्हटलं. दुसरं काही सुचलंच नाही.

मग ते उठले, फाइल शोधली, सापडेना, बायकोला फोन करून सांगितलं की जेवायला उशीर होईल, माझ्यामुळे. टाइप करायला बसले. दोन बोटांनी टाइप करतात. "डावा हात की उजवा?" "डावा." "किती वेळा?" "दोनदा." "रस्ता दिसत होता?" "नाही." तिथे त्यांची बोटं थांबली. म्हणाले, "ह्याने लोरिसची चूक पुसली जाणार नाही. ओव्हरटेक त्यानेच केला. आणि खोट्या जबाबाबद्दल तुम्हाला कोर्टात बोलावतील, वकील बघून ठेवा." मी म्हटलं, ठीक. "पण तो खोटं बोलला नव्हता हे कागदावर येईल." मी म्हटलं, तेवढ्यासाठीच आलोय.

सही केली. त्यांनी दारापर्यंत सोडलं नाही. मागून म्हणाले, "त्याने मला हॉस्पिटलात तीनदा सांगितलं होतं, हात केला म्हणून. मी तुमच्यावर विश्वास ठेवला, कारण तुम्ही रडत होता."

मला आठवत नाही मी रडत होतो. पण ते म्हणतात म्हणजे असेन.

नेरिओ

मोंतेसिओले, २४ फेब्रुवारी

लोरिस,

तुला एव्हाना दहा जणांनी सांगितलं असेल, तरी माझ्याकडूनही ऐक, कारण त्या दहा जणांत एत्तोरे असणार आणि तो वाढवून सांगतो.

शनिवारी क्लबचं वार्षिक जेवण. चाळीस माणसं. फादर फिरमिनोंनी, पाद्री असून, आमच्याआधी लाम्ब्रुस्को वाइनची बाटली उघडली. एप्रिलच्या शेवटच्या रविवारी गाड्यांना आशीर्वाद, आणि मग सगळ्यांनी घाटावर जायचं, हे त्यांनी जाहीर केलं. मग म्हणाले, पुढे चालणारे नेरिओ दोन शब्द बोलतील.

मी उठलो आणि सांगितलं. हात, वळण, ठाण्यातला जबाब. खिडकीचंसुद्धा सांगितलं. लिहून नेलं होतं, पण चष्मा कोटात राहिला होता, म्हणून पाठ सांगितलं.

आधी कोणाला कळलंच नाही. कोणीतरी टाळी वाजवली. मग एत्तोरे उठून उभा राहिला. "म्हणजे इतके महिने आम्ही त्या माणसाला शिव्या देत होतो आणि तू शेजारी बसून कॉफी पीत होतास?"

"हो."

"गरम आहे की गार आहे ह्यावर तक्रार करत?"

"हो."

त्याने माझ्या अंगावर पाव फेकला. लागला नाही, पण त्याने जोरात फेकला होता. दोघं जण उठून निघून गेले. पुढे चालायचं काम मी तिथेच सोडलं. ते कोणाकडे द्यायचं ह्यावर मग अर्धा तास वाद झाला, आणि त्या अर्ध्या तासात माझ्याकडे कोणी पाहिलं नाही.

गाडीत मारुस्का म्हणाली, "चाळीस जणांना सांगितलंस. मला वेगळं सांगायचं होतंस." मला वाटलं होतं तिला कळलंच असेल. "कळलं होतं," ती म्हणाली. "कोबी चिरत होते तेव्हापासून. म्हणून काय सांगायचं नसतं?" तेव्हापासून ती माझ्याशी फक्त मिठाबद्दल आणि बटाट्याबद्दल बोलते.

आता मुद्द्याचं. रविवारी गॅरेजात बसलो होतो, इंजिन न फिरवता. हिरव्या गुत्सीकडे पाहत होतो, आणि डोक्यात लख्ख उजाडलं. लोरिस, तिचा गियर उजव्या पायाला आहे! बहात्तर सालची गाडी. तेव्हा आपल्याकडे गियर उजवीकडे आणि मागचा ब्रेक डावीकडे. ब्रेक नुसता दाबायचा असतो, पाऊल उचलायचं नसतं. ताठ घोट्याने दाबता येतो. मी स्वतः डाव्या बुटाला आतून फळी बांधून पाहिलं, गॅरेजातल्या गॅरेजात. जमतं. लायसन्सच्या समितीचे डॉक्टर तपासतील, ते काय म्हणतील ते म्हणतील, पण जमतं.

अकरा हिवाळे खपून, सुटे भाग जोडून उभी केलेली गाडी आहे, तुला माहीत आहे, अर्ध्या हिवाळ्यांत तूच दिवा धरून उभा होतास. ती तुझी. घेऊन जा.

नेरिओ

मोंतेसिओले, २२ मार्च

लोरिस,

"मला भीक नको" हा निरोप इल्देकरवी पाठवायचा, आणि मी वर आलो की दारात उभं करायचं. बरं झालं, आज आलोच. पण तिथे मला एक वाक्य धड बोलू दिलं नाहीस, म्हणून घरी येऊन लिहितोय. सगळं लिहितो, म्हणजे उद्या तू म्हणायला नको की मी पुन्हा काही वेगळं सांगितलं.

मी पायपुसण्यावर बूट पुसत होतो. तू आतून म्हणालास, "पुसू नकोस. थांबायचं नाहीये तुला."

तू खुर्चीत, पाय दुसऱ्या खुर्चीवर. केस वाढलेत तुझे. बारीक झालायस. मी हे बोललो नाही, पण पाहिलं.

"सहा पत्रं लिहिलीस," तू म्हणालास. "पहिल्या तीन पत्रांत माझीच चूक."

"वाचलीस?"

"इल्देने मोठ्याने वाचली. खिडकीचं आलं तिथे ती थांबली. मी म्हटलं, वाच पुढे."

"लोरिस, मी—"

"गप. माफ कर असं म्हणशील तर ही कुबडी फेकेन. मी तुला माफ केलेलं नाही. कधी करीन माहीत नाही. मी रस्त्यावर पडलो त्याचं नाही काही, ओव्हरटेक मी केला, डोळे मलाही होते. पण हॉस्पिटलात तो फौजदार माझ्याकडे लबाड म्हातारा म्हणून पाहत होता, आणि तू बाहेर बाकावर बसला होतास. बाहेरच्या बाकावर, नेरिओ! काचेतून दिसत होतास मला."

मी पुन्हा बूट पुसायला लागलो.

मग तू म्हणालास, "गाडी भेट म्हणून नको."

"मग?"

"चालवायला दे. मोसमभर. डॉक्टरांनी हो म्हटलं तर."

"घे की! तेच तर—"

"आणि तू बसायचं नाहीस. ह्या मोसमात. कुठल्याच गाडीवर."

"कुठल्याच?"

"निळ्याही नाही. मी सहा महिने खुर्चीत बसून त्या घाटाकडे पाहिलंय. आता तू बघ."

इल्दे शेगडीकडे तोंड करून उभी होती. ती न वळता म्हणाली, "आणि तुझा मोसम ऑक्टोबर संपेपर्यंत असतो ना रे, दादा?" सख्खी बहीण!

विचार करून सांगतो, असं म्हणून मी बाहेर पडलो.

आता ऐक. काल रात्रभर पाऊस पडला. पहिला चांगला पाऊस. आज सकाळी रस्त्यावरचं मीठ धुऊन गेलंय, डांबर काळंभोर दिसतंय, पुलापाशी पिवळी फुलं आलीत. नोव्हेंबरपासून ह्या एका पावसाची मी वाट पाहत होतो. तेल बदललंय, टायरमध्ये हवा भरलीय, निळी गाडी घोडीवरून खाली घेतलीय. मी सदुसष्ट वर्षांचा आहे. माझ्याकडे असे किती मोसम उरलेत, मोजलेत तू? मी मोजलेत. आणि तू त्यातला एक अख्खा मागतोस, कोपऱ्यावरच्या दुकानातून पाव मागावा तसा.

तुझ्यासारखा हेकट माणूस ह्या खोऱ्यात दुसरा नाही.

दोन्ही गाड्यांच्या किल्ल्या मारुस्काबरोबर पाठवतोय. हिरवीची थंडीत सुरू करताना मूठ अजिबात पिळू नकोस, आधी पेट्रोल भरून येऊ दे. निळीची किल्ली तुमच्याच खणात असू दे. माझ्या घरात नको.

नेरिओ

मोंतेसिओले, २६ एप्रिल

लोरिस,

आशीर्वाद घेतलास आणि थेट निघालास. मला वाटलं होतं, दोन मिनिटं थांबशील. नाही थांबलास. चालेल.

डॉक्टरांनी हो म्हटल्याचं मला इल्देकडून नाही, सिल्वानाकडून कळलं. मला ह्या गावात सगळं टपालाच्या खिडकीवरच कळतं.

मी चौकात इतरांबरोबर उभा होतो, आज्या आणि बाबागाड्यांच्या घोळक्यात. चाळीस वर्षांत पहिल्यांदा हेल्मेटशिवाय. फादर फिरमिनो पाणी शिंपडत आले, माझ्यापाशी गाडी नाही हे त्यांच्या लक्षात आलं, आणि ते माझ्यावरच शिंपडून पुढे गेले. मारुस्का हसली. फेब्रुवारीपासून पहिल्यांदा. नंतर माझ्या दंडाला धरून चौकातून घरापर्यंत आली, आणि वाटेत तिने बटाट्यांशिवाय इतरही बरंच काही बोलून घेतलं. सगळं बरोबर होतं तिचं.

तू पुढे होतास. एत्तोरे दुसरा. मी पाहिलं, सगळ्यांनी तुला वाट करून दिली. कुबडी मागे आडवी बांधली होतीस, ती दोरी फार सैल होती, हे सांगायला मी धावणार होतो, पण मारुस्काने सोडलं नाही.

आम्ही घरी आलो. मी गॅलरीत बसलो. इथून रस्ता दिसत नाही, झाडं वाढलीत, पण ऐकू सगळं येतं. तेहतीस गाड्या निघाल्या, आणि त्यांत गुत्सीचा आवाज मला कुठेही ओळखता येतो. गिरणीपर्यंत तिसऱ्या गियरमध्ये गेलास. स्मशानाच्या चढावर दुसरा टाकलास, नीट पडला. तिथे माझा जीव भांड्यात पडला. मग बोगदा, तिथे काही ऐकू येत नाही. मग वरची वळणं. ते वळण कधी येणार हे मला पक्कं माहीत होतं. तिथे तू गाडी पार हळू केलीस, चालत्या माणसाइतकी, आणि मागच्या सगळ्या हळू झाल्या. मग तू मूठ पिळलीस आणि वर गेलास.

पण चढ संपल्यावर चौथा टाकताना उशीर करतोयस, इंजिन रडतंय. उजवा पाय लवकर उचल. लवकर! ऑक्टोबरपर्यंत मला हे दर रविवारी ऐकायचंय.

नेरिओ